आग विझल्यानंतरचे काम: अग्निशमन जवान आणि त्यांची कुटुंबे आघातातून कशी सावरतात

मोठी आग लागल्याची किंवा इमारत कोसळल्याची बातमी आली की अलीकडे तिच्या शेवटाकडे एक वाक्य वाचायला मिळते: बचावकार्यात उतरलेल्या जवानांचे समुपदेशन केले जाणार आहे. वाचणाऱ्याला बरे वाटते आणि तो पुढच्या बातमीकडे वळतो. हे समुपदेशन कोण करते, ते केव्हा सुरू व्हावे, किती काळ चालावे, त्याने नेमके काय बदलते आणि तो जवान ज्या घरी परत जातो त्या घराचे काय, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. या विषयावर गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याचा कल स्पष्ट आहे: पहिल्या दोन दिवसांतील धावपळीच्या मदतीपेक्षा पुढच्या काही महिन्यांत चिकाटीने दिलेली मदत अधिक उपयोगी पडते. व्यवस्था मात्र पुष्कळदा याच्या उलट बांधलेली असते.

कोणत्या धक्क्याला आघात म्हणायचे

रोजच्या बोलण्यात कोणत्याही दुःखद धक्क्याला आपण आघात म्हणतो. मानसोपचारात हा शब्द बराच काटेकोरपणे वापरला जातो. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांना स्वतः सामोरे जाणे, ते समोर घडताना पाहणे किंवा अगदी जवळच्या माणसावर तसे ओढवल्याचे कळणे, मुख्यतः अशाच प्रसंगांना तेथे आघात मानतात. अशा प्रसंगानंतर झोप उडणे, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येणे, लहानशा आवाजाने दचकणे, विनाकारण चिडचिड होणे हे सारे पहिल्या काही दिवसांत कोणालाही होऊ शकते आणि तो आजार नसतो. बहुतेकांच्या बाबतीत ही लक्षणे काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

ती महिन्याहून अधिक काळ टिकली आणि कामात, नात्यांत, झोपेत अडथळा आणू लागली, तर त्या स्थितीला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे नाव १९८० साली आले आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठ्या प्रमाणावर होता. आज निदान करताना चार प्रकारची लक्षणे पाहिली जातात: घटना पुन्हा घडत असल्यासारखी अनुभवाला येणे, तिची आठवण करून देणारी माणसे, जागा आणि विचार टाळणे, स्वतःबद्दल व जगाबद्दल काळवंडलेले विचार आणि भावनांचा बधिरपणा, आणि शरीर सतत सावध अवस्थेत राहणे.

अग्निशमन दलाच्या दृष्टीने याच पुस्तिकेची २०१३ सालची पाचवी आवृत्ती महत्त्वाची आहे. कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे हाही आघातच होय, असे तिने स्पष्ट लिहिले आणि मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले. ‘तुला स्वतःला तर काहीच झाले नव्हते’ असे म्हणून जवानाची तक्रार बाजूला सारणाऱ्यांना त्यामुळे निदान कागदावर तरी उत्तर मिळाले.

एकच भयंकर रात्र, की वर्षानुवर्षांच्या वर्द्या?

बातम्यांमुळे आपली अशी समजूत होते की एखादी प्रचंड दुर्घटना माणसाला मोडते. तसे होतेही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन विभागाने एका दिवसात ३४३ सहकारी गमावले आणि त्या विभागाची समुपदेशन सेवा त्यानंतर कितीतरी पटींनी वाढवावी लागली. परंतु बहुतेक जवानांच्या वाट्याला अशी एक घटना येत नाही; त्यांच्या वाट्याला शेकडो वर्द्या, म्हणजे मदतीला बोलावणारे निरोप, येतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जवानाने जितक्या अधिक प्राणघातक घटना हाताळल्या तितके त्याच्यात पीटीएसडी, नैराश्य आणि अति मद्यपान यांचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. म्हणजे अनुभवाने माणूस घट्ट होतो ही समजूत अर्धीच खरी आहे. अनुभवाने हात सराईत होतात, पण मनावरचे ओझे त्याच वेळी वाढत असते.

कोणती वर्दी मनात रुतून बसेल हे ज्वाळांच्या उंचीवर ठरत नाही. लहान मूल वाचवता न येणे, अडकलेली व्यक्ती ओळखीची निघणे, सहकाऱ्याचा मृत्यू होणे किंवा मृत मुलाचे वय आपल्या मुलाइतकेच असणे, अशा गोष्टी बाहेरून लहान दिसणाऱ्या घटनेलाही वर्षानुवर्षे जिवंत ठेवतात. त्याहून अवघड असते ती अपराधाची भावना. ‘मी आधी डावीकडच्या खोलीत गेलो, उजवीकडच्या गेलो असतो तर?’ या प्रश्नाला भीतीवरचे उपचार पुरेसे पडत नाहीत, कारण तेथे भीतीपेक्षा स्वतःच्या नजरेतून उतरण्याचे दुःख मोठे असते. तज्ज्ञ याला नैतिक जखम असे वेगळे नाव देतात.

या चर्चेत नियंत्रण कक्षात फोन घेणारी माणसे नेहमी विसरली जातात. ती काही पाहत नाहीत, फक्त ऐकतात. फोन मध्येच तुटतो आणि पलीकडच्या माणसाचे पुढे काय झाले हे त्यांना अनेकदा कळतही नाही.

आठवण जुनी का होत नाही

साध्या आठवणीला तारीख असते. ती आठवताना वाईट वाटले तरी ती होऊन गेलेली गोष्ट आहे हे आपल्याला ठाऊक असते. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदूतील धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, इतक्या जोराने काम करतो की दृश्य, वास, आवाज आणि शरीरातील थरकाप हे सारे घट्ट कोरले जाते. मात्र घटनेला स्थळकाळाची चौकट देणारे हिप्पोकॅम्पसचे काम त्या मानाने कच्चे राहते, असे या विषयातील एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. त्यामुळे पुढे नुसता जळक्या प्लास्टिकचा वास आला तरी शरीर ती घटना आत्ता चालू असल्यासारखे वागते. वासाची वाट मेंदूत भावनांच्या केंद्रांपर्यंत फार जवळून जाते, म्हणून धुराशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला हा त्रास जास्त जाणवावा यात नवल नाही.

त्रास टाळण्यासाठी माणूस जे करतो त्यानेच तो टिकून राहतो, हा या विकारातील मोठा पेच आहे. तो एक रस्ता टाळतो, मग एक सहकारी टाळतो, मग झोप टाळतो, कारण झोपेत स्वप्न येते. प्रत्येक वेळी टाळल्यावर क्षणभर हायसे वाटते आणि मेंदू धडा घेतो की टाळले म्हणून वाचलो. दारूही याच कारणासाठी जवळची वाटते. ती झोप लावते, पण त्या झोपेचा दर्जा बिघडवते आणि मनाला त्या आठवणीशी कधीच समोरासमोर येऊ देत नाही.

सगळ्यांना लगेच बोलते करावे का?

स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली एक पद्धत मांडली. मोठ्या घटनेनंतर काही दिवसांच्या आत संपूर्ण तुकडीला एकत्र बसवायचे आणि काय घडले, काय वाटले, काय विचार आले हे ठरावीक टप्प्यांनी बोलून घ्यायचे. ही पद्धत जगभर पसरली, कारण ती समंजस वाटते आणि संस्थेला काहीतरी केल्याचे समाधान देते.

नंतर तिची तपासणी झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशी बैठक घेतलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनंतर पीटीएसडी होता. बैठक न घेतलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २००२ सालच्या आढाव्याने निष्कर्ष काढला की एका बैठकीच्या अशा चर्चेने पीटीएसडी टळत असल्याचा पुरावा नाही आणि ती सक्तीची करणे थांबवावे. ब्रिटनमधील आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही या प्रकारच्या चर्चेविरुद्ध सल्ला दिला आहे.

यावर पद्धतीच्या समर्थकांचा आक्षेप असा की ती मुळात एकत्र काम करणाऱ्या तुकडीसाठी होती; एकट्या रुग्णाशी रुग्णालयात केलेल्या चर्चेवरून तिला नापास करणे योग्य नाही. शिवाय त्या चाचणीत बैठक घेतलेल्या गटाच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणून ‘एकत्र बसून बोलणे घातक असते’ असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी जरूर बोलावे. हरकत केवळ सक्तीला आहे: ज्याच्या अंगातील थरथर अजून गेलेली नाही अशा माणसाला सर्वांसमोर तपशील उगाळायला लावणे, आणि नंतर काम झाले असे समजून फाइल बंद करणे.

मग पहिल्या दिवसांत काय करायचे?

पहिल्या दिवसांत मनोपचाराचे काम थोडे असते. माणूस सुरक्षित आहे ना, त्याने खाल्ले का, घरी कळवले का, त्याला घरी सोडायला कोणी आहे का, दुसऱ्या दिवसाची पाळी बदलता येईल का, हे पाहणे यालाच मानसिक प्रथमोपचार म्हणतात. त्यात विचारपूस असते, उलटतपासणी नसते. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या या काळात सरसकट देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ सालची शिफारस आहे.

त्यानंतर खरा प्रश्न येतो तो पुन्हा चौकशी करण्याचा. ज्वाळा विझल्या तरी ढिगाऱ्याखाली धग राहते, म्हणून दल तेथेच थांबून तासन्‌तास कूलिंग करते; ढिगारा न उपसता परत फिरले तर आग पुन्हा पेटू शकते हे कोणत्याही जवानाला शिकवावे लागत नाही. मनाच्या बाबतीतही महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने अशी ठरवून केलेली चौकशी हवी, कारण काहींमध्ये पूर्ण लक्षणे सहा महिन्यांनंतरच दिसू लागतात. अधिकाऱ्यांच्या नोंदवहीत त्या तारखा आधीच लिहिलेल्या असाव्यात. ‘काही वाटले तर सांग’ हे वाक्य चांगल्या भावनेने म्हटलेले असले तरी त्यात पहिले पाऊल उचलण्याची जबाबदारी आजारी माणसावरच टाकलेली असते.

उपचारात नेमके काय करतात?

पीटीएसडीवर चांगला पुरावा असलेले उपचार आहेत, ही गोष्ट पुरेशी माहीत नाही. एका पद्धतीत प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने ती घटना क्रमाने, पुन्हा पुन्हा आणि सुरक्षित वातावरणात सांगितली जाते आणि टाळलेल्या जागांकडे हळूहळू परत जाता येते. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली ही पद्धत साधारण आठ ते पंधरा सत्रांची असते. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत घटनेबद्दल मनात बसलेल्या निष्कर्षांची तपासणी होते आणि ‘माझ्यामुळेच तो गेला’ यासारख्या विचारांवर तिचा भर असतो. तिसऱ्या, ईएमडीआर नावाच्या पद्धतीत आठवण मनात आणताना डोळ्यांची विशिष्ट हालचाल करवतात. त्या हालचालीचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहे, परंतु रुग्णांना गुण येतो यावर फारसा नाही. औषधांचा उपयोगही काहींना होतो, विशेषतः नैराश्य सोबत असेल तेव्हा.

‘जखम उकरल्याने ती चिघळणार नाही का?’ ही शंका साहजिक आहे. उपचाराच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, हे उपचारकाने आधीच सांगायला हवे. सक्तीच्या बैठकीत आणि या उपचारात फरक वेळेचा, संमतीचा आणि पुनरावृत्तीचा आहे. बैठकीत माणूस भीतीच्या शिखरावर असताना थांबतो. उपचारात ती भीती ओसरेपर्यंत तो तेथे राहतो आणि तिच्यातून बाहेर पडता येते हे त्याचे शरीर शिकते. आठवण जात नाही. तिला तारीख मिळते.

‘त्यांनी हे काम स्वतःहूनच निवडले ना?’

निवडले, आणि प्रशिक्षणही घेतले. त्या प्रशिक्षणाचा फायदाही होतो. पण धुरात चालण्याचे प्रशिक्षण घेतले म्हणून फुप्फुसात धूर जात नाही असे कोणी म्हणत नाही, म्हणूनच श्वसनयंत्र दिले जाते. याच आक्षेपाचे दुसरे रूप असे की जुन्या पिढीला हे काही लागत नव्हते. जुन्या पिढीची नोंदच कोणी ठेवली नव्हती, हे त्याचे अधिक प्रामाणिक उत्तर आहे. अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाच्या २०१८ सालच्या अहवालानुसार २०१७ मध्ये तेथे कर्तव्यावर ९३ अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, तर आत्महत्येने किमान १०३ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक आत्महत्येमागे आघातच असतो असे नाही, परंतु हे आकडे शेजारी ठेवल्यावर हा विषय हळव्या लोकांचा आहे असे म्हणणे अवघड जाते.

खरा अडथळा वेगळाच आहे. मदत मागितली तर गाडीवरून काढून टेबलावर बसवतील, बढती अडेल आणि तुकडीतील माणसे आपल्यावर अवलंबून राहायला कचरतील, ही भीती निराधार नसते. ती भाषणांनी जात नाही. समुपदेशनात सांगितलेले अधिकाऱ्यापर्यंत जाणार नाही याची लेखी हमी, उपचारानंतर पूर्वीच्या कामावर परतण्याचा ठरलेला मार्ग आणि कोणीतरी त्या मार्गाने परत आल्याचे डोळ्यांनी दिसणे, या तीन गोष्टींनी ती कमी होते.

यात केंद्रप्रमुखाचे वागणे किती मोलाचे असते हे न्यू साउथ वेल्सच्या दलातच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. सुमारे सव्वाशे अधिकाऱ्यांपैकी एका गटाला, जवानाशी मानसिक त्रासाबद्दल कसे बोलावे याचे फक्त चार तासांचे प्रशिक्षण दिले गेले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या हाताखालील जवानांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा घटल्या. प्रशिक्षण न मिळालेल्या गटात त्या वाढल्या. तज्ज्ञांची फौज नेमण्याइतका पैसा नाही असे सांगणाऱ्या कोणत्याही दलाने निदान हे चार तास तरी काढावेत.

तज्ज्ञाच्या दारापर्यंत जाण्याआधी जवान बहुधा आपल्यातल्याच कोणाशी तरी बोलतो. म्हणून अनेक दलांत निवडक सहकाऱ्यांना ऐकण्याचे आणि वेळेवर पुढे पाठवण्याचे शिक्षण देतात. या सहकाऱ्याने उपचार करायचे नसतात, ही मर्यादा त्याला आणि इतरांनाही स्पष्ट हवी. नाहीतर एका माणसाचे ओझे दोघांच्या पाठीवर जाते.

घराला यात का ओढायचे?

घर आधीच ओढले गेलेले असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ७७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की आघातानंतर मिळालेला किंवा न मिळालेला माणसांचा आधार, हा घटनेपूर्वीच्या बहुतेक गोष्टींपेक्षा पुढच्या आजाराशी अधिक जवळून जोडलेला असतो. तो आधार मुख्यतः घरातून येतो आणि त्याच घरावर आजाराचा भारही पडतो.

तो भार कसा दिसतो? जवान घरी येतो आणि गप्प बसतो, कारण घाण घरात आणायची नाही असे त्याने ठरवलेले असते. जोडीदाराला ते गप्प बसणे आपल्यावरचा राग वाटतो. मग जोडीदार त्याला सांभाळून घेऊ लागते किंवा लागतो: मुलांना ओरडू देत नाही, टीव्हीवरची बातमी बदलतो, लग्नकार्याला एकटाच जातो, सासरमाहेरी कारणे सांगतो. यातले प्रत्येक पाऊल प्रेमाचे असते आणि सगळी मिळून टाळण्याला घरभर जागा करून देतात. म्हणूनच कुटुंबाला फक्त ‘समजून घ्या’ असे सांगणे पुरेसे नाही. काय समजून घ्यायचे आणि कोठे हळूच नकार द्यायचा, हे त्यांना शिकवावे लागते. जोडप्याने एकत्र घ्यायचा उपचारही उपलब्ध आहे आणि त्याने आजार व नाते दोन्ही सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

रोजच्या व्यवहारात काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. कठीण पाळीनंतर तपशील न सांगताही ‘आज वाईट दिवस होता’ हे कळवण्याची एखादी ठरलेली खूण असावी. मग जोडीदाराने कारण न विचारता जवानाला अर्धा तास मोकळा द्यावा. स्वप्नातून दचकून उठलेल्या माणसाला गदागदा हलवण्यापेक्षा थोड्या अंतरावरून नावाने हाक मारून तो कोठे आहे हे सांगणे दोघांसाठीही सुरक्षित असते. मुलांपासून सारे लपवता येत नाही; त्यांना तणाव दिसतो आणि कारण माहीत नसेल तर ती ते स्वतःत शोधतात. ‘बाबांनी कामावर खूप दुःखाची गोष्ट पाहिली, त्यांना बरे व्हायला वेळ लागतो आहे, यात तुझी काही चूक नाही’ एवढे लहान मुलालाही कळते. आई जवान असेल तर वाक्यातला एक शब्द बदलतो.

जोडीदारानेही स्वतःची झोप, स्वतःची माणसे आणि गरज पडल्यास स्वतःचा समुपदेशक सांभाळला पाहिजे, कारण दुसऱ्याचा आघात सतत ऐकून आणि पाहून सोबतच्या माणसातही तशीच लक्षणे उमटू शकतात. आणि जगणे नको झाल्याचे बोलणे कानावर आले, किंवा तशी शंका जरी आली, तर थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. होकार मिळाला तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे आणि घरातील घातक औषधे व वस्तू त्याच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

गणवेश उतरल्यावर

२०१६ सालच्या ज्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा वर उल्लेख आला, त्यात सेवेत असलेल्यांपैकी ८ टक्के जवानांत पीटीएसडी दिसला आणि निवृत्तांत १८ टक्के. हा एकाच अभ्यासातला आकडा आहे, त्यामुळे तो जपून वापरावा; तरीही त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. नोकरीत असताना पुढची वर्दी मागची आठवण दाबून ठेवते, तुकडीतील थट्टामस्करी बरेच काही उचलून धरते आणि दिवसाला आकार असतो. निवृत्तीच्या दिवशी हे तिन्ही एकदम जातात, आणि बहुतेक ठिकाणी दलाची समुपदेशन सेवाही त्याच तारखेला संपते. न्यूयॉर्कच्या विभागाने आपली सेवा निवृत्तांना आणि कुटुंबीयांनाही खुली ठेवली आहे. इतर दलांना त्यासाठी नवी इमारत किंवा नवे खाते लागत नाही. सेवेला पात्र असलेल्यांच्या यादीत निवृत्त जवान, त्यांचे जोडीदार आणि कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांची कुटुंबे ही तीन नावे घालावी लागतात, आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी एक फोन करायला कोणाला तरी नेमावे लागते.